बिलाप्रमाणे एक, प्रत्यक्षात अर्धा

खुर्ची दिली की माणूस बसतो. आमचे भाऊसाहेब आधी खुर्ची उलटी करायचे. कुणाच्या घरी असोत, लग्नाच्या मांडवात असोत की तालुक्याच्या कचेरीत, दोन्ही हातांनी खुर्ची उचलायची, तिच्या बुडाला कुणाचं नाव, कुठला नंबर आहे ते वाचायचं आणि मगच टेकायचं. यजमानाला वाटायचं खुर्चीवर काही सांडलंय. तो बिचारा फडकं आणायला आत पळायचा.

निमगाव साव्याच्या एका लग्नाला मी त्यांच्याबरोबर गेले होते. आमच्याच शाळेतल्या एका शिक्षकाच्या बहिणीचं लग्न. उन्हानं जीव नकोसा झालेला, पंगत अजून बसायची होती, आणि हे गृहस्थ मांडवातल्या बाकांखाली वाकून काहीतरी शोधत होते. नवरीचा मामा धावत आला.

"काय हरवलं का, पावणं?"

"हरवलं नाय, घावलं," भाऊसाहेब कंबर धरून उठत म्हणाले. "ह्यो बाक आमच्या शाळंचा हाय. नंबर एकोणसत्तर. ह्याला गहाळ लिवावं का मोडीत लिवावं, पाच सालं इचार करतोय मी."

लग्न लागलं, जेवणं झाली, पण तो बाक टेंपोत चढेपर्यंत भाऊसाहेब तिथून हलले नाहीत. माझी एसटी चुकली. शेवटी त्याच टेंपोतून, एकोणसत्तर नंबरच्या बाकावर बसून, मी आळेफाट्याला घरी आले. ते शिक्षक पुढे वर्षभर आमच्या दोघांशीही बोलले नाहीत. माझा त्यात काय दोष होता, ते मला आजही कळलेलं नाही.

ही गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. आळेफाट्यापासून आत असलेल्या एका शाळेत मी संगणक शिकवत होते. शिकवत होते म्हणायचं एवढंच. संगणकाचा तास आणि लोडशेडिंग यांचं वेळापत्रक कुणीतरी ठरवून जुळवलं असावं, असा तो प्रकार होता. मी फळ्यावर खडूनं कीबोर्ड काढायचे आणि मुलं बाकावर बोटं आपटायची. माझी नोकरी कंत्राटी. दर जूनला ऑर्डर निघाली तर नोकरी, नाही निघाली तर घरी बसायचं. त्यामुळे एप्रिल-मे हे दोन महिने मी सगळ्यांशी फार गोड वागायचे. त्या गोड वागण्याचाही शेवटी कंटाळा येतो.

भाऊसाहेब शाळेचे क्लार्क. महाळुंगे पडवळचे. सकाळी शेतावर एक चक्कर मारून, दोन एसट्या बदलून बरोबर साडेदहाला हजर. बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पगारपत्रकं, दाखले, फी हे सगळं ते करायचे, पण जीव अडकलेला डेडस्टॉक रजिस्टरात. शाळेतली जी वस्तू वापरून संपत नाही ती डेडस्टॉक. खडू संपतो, खुर्ची संपत नाही. अशा प्रत्येक वस्तूला रजिस्टरात एक नंबर, आणि तोच नंबर ऑईलपेंटनं त्या वस्तूवर. भाऊसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये पांढऱ्या रंगाचा एक डबा, लाल रंगाचा एक डबा आणि जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला ब्रश कायम असायचा. पंखे, कपाटं, पृथ्वीचा गोल, पेटी, तबला, कुणीही त्यांच्या तावडीतून सुटलं नव्हतं. विज्ञानाच्या खोलीतल्या सांगाड्याच्या कपाळावर त्यांनी असा ठळक नंबर टाकला होता की पोरं त्याला नंबरानंच हाक मारायची.

त्यांचं एकच म्हणणं असायचं. "मोजल्याबिगर सही नाय." शिक्षकदिनाला मुलांनी दिलेल्या गुलाबांच्या पोचपावतीवरसुद्धा त्यांनी गुलाब मोजून सही केली होती. दोन कमी निघाले तर तसंही लिहिलं. आणि त्या रजिस्टरात बत्तीस वर्षांत एकही खाडाखोड नव्हती. हे ते स्वतः कधी सांगत नसत, पण कुणी दुसऱ्यानं सांगितलं की विड्याचं पान लावायला घेत आणि सावकाश लावत बसत.

अशा माणसाच्या हातात मी एक जुना लॅपटॉप नेऊन दिला.

झालं असं की एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला देणगी दिली. लॅपटॉपला बॅटरी असते, लोडशेडिंगमध्येही तास होईल, असं मीच हेडसरांना सुचवलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. नवा परवडेना, म्हणून रीफर्बिश्ड घ्यायचा ठरला. रीफर्बिश्ड म्हणजे कुठल्यातरी कंपनीनं वापरून टाकलेला, मग कुणीतरी दुरुस्त करून, धुऊनपुसून पुन्हा विकायला ठेवलेला. आणायला पुण्याला मीच गेले. दुकानदारानं मशीन सुरू करून दाखवलं, त्यावर एक गाणं वाजवलं. मनगट टेकतं त्या जागी चकचकीत स्टिकर होता, त्यावर मेमरी एक जीबी असं छापलेलं. तो स्टिकर कंपनीनं लावलेला की दुकानदारानं, हे बघायला दोन मिनिटं पुरली असती. मशीनलाच विचारायचं असतं, तुझ्यात किती मेमरी आहे म्हणून. मी मुलांना हेच शिकवायचे. पण मला चारची एसटी गाठायची होती. बिलाच्या मागे मी लिहिलं, 'माल तपासून घेतला', आणि सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी लॅपटॉप हातात घेतला आणि अर्थातच उलटा केला.

"म्याडम, हितं लई बारीक लिवलंय."

"ते कंपनीचं लेबल आहे. मॉडेल वगैरे."

"आन ह्यो एक जीबी कुठं बगायचा?"

आदल्या दिवशी चाकणपर्यंत उभ्यानं आले होते. पाय सुजले होते. "मी बघितलंय, भाऊसाहेब," मी म्हणाले. "तुम्ही लिहा."

त्यांनी रजिस्टर उघडलं. खुर्ची त्यांना उलटी करता येत होती, गुलाब मोजता येत होते. जीबी कुठून धरून उचलायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं चारचौघांत म्हणायची त्यांना लाज वाटली असावी. त्यांनी लिहिलं. मग ब्रश काढला, लॅपटॉपच्या बुडाला पांढरा पट्टा मारला, आणि तो वाळल्यावर त्यावर लाल रंगात एकशे चौदा. पट्टा मारायला सपाट जागा एकच होती. ती म्हणजे कंपनीचं लेबल. मी समोर बसून चहा पीत होते. बघत होते आणि एक शब्द बोलले नाही. कशाला बोला, असा माझा त्या वर्षीचा एकूण स्वभावच झाला होता.

न बघता केलेली ती नोंद त्यांना टोचत राहिली. पावसाळ्यानंतर ते माझ्या तासाला खिडकीबाहेर उभे राहू लागले. आधी वाटलं वीज मोजायला उभे असतात. नंतर एक दिवस आत येऊन म्हणाले, "मला ह्ये बटान दाबायचं शिकवा." माउस धरायला त्यांना आठवडा लागला. हात असा घट्ट, जणू उंदीर खरोखरच पळून जाईल. पण शिकले. मार्चमध्ये वार्षिक पडताळणी आली, तेव्हा रजिस्टर काखेत मारून ते संगणकाच्या खोलीत आले, लॅपटॉप सुरू केला, आणि मी शिकवल्याप्रमाणे एक एक क्लिक करत मशीनची माहिती सांगणारी खिडकी उघडली.

"म्याडम," ते म्हणाले, "बिलाला एक जीबी हाय. म्हंजी तुमच्याच फळ्यावरचं एक हजार चोवीस एमबी. हितं चारशे अठ्ठेचाळीसच दावतंय."

मी आकडा पाहिला. आत पाचशे बाराची एकच पट्टी होती. बिलाच्या निम्मी. ती हकीकत दाबायला म्हणून मी दुसरीच सांगायला लागले.

"चारशे अठ्ठेचाळीस नाही, पाचशे बारा आहेत. त्यातले चौसष्ट स्क्रीनसाठी वापरले जातात."

"कुणी घेतले?"

"स्क्रीननं."

"इचारून?"

"आपोआप घेतो तो, भाऊसाहेब."

"आपोआप काय नसतं. मंग तशी नोंद पायजे. चौसष्ट स्क्रीनकडं वर्ग." त्यांनी पेन्सिलनं कागदावर लिहून घेतलं. मग वर बघून शांतपणे विचारलं, "आन बाकीचे पाचशे बारा?"

मी उठून ऑफिसात गेले. पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, तपासून घेतलं म्हणून तुमची सही आहे, आणि फोन ठेवला.

मग एकच मार्ग राहिला. रजिस्टरात एक जीबी आहे ना, तर मशीनमध्ये एक जीबी घालायची. आळेफाट्यावर ट्रकच्या गॅरेजांच्या ओळीत एक कॉम्प्युटरवाला होता. त्यानं झाकणावरचं मॉडेलचं नाव विचारलं आणि त्या मॉडेलला चालणारी मेमरीची पट्टी दिली. ती बसवायची म्हणजे लॅपटॉपचं बूड उघडायचं. भाऊसाहेबांनी आधी पंचनामा केला. खरोखरचा पंचनामा. पंच म्हणून आमचे शिपाई मामा आणि टपाल द्यायला आलेला पोस्टमन. 'पंचांसमक्ष लॅपटॉपच्या खालील बाजूचे स्क्रू नग दोन काढण्यात आले, ते वाटीत ठेवण्यात आले.' पोस्टमनला पुढची तीन गावं होती. तो हात जोडत होता, पण सही केल्याशिवाय त्याला सोडलं नाही.

पट्टी बसेना. लांबी तीच, रुंदी तीच, पण पट्टीला जी खाच असते ती आतल्या खुंटीपासून केसभर बाजूला.

"दाबा की जरा," मामा म्हणाले.

"दाबायचं नाय," भाऊसाहेब म्हणाले. "ही पट्टी ह्या घरची न्हवं."

मेमरीच्या पट्ट्यांत जुनी जात आणि नवी जात असते. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी बसत नाही. कुठली लागते ते नेमकं कळायला कंपनीचं लेबल हवं, आणि लेबल ऑईलपेंटखाली. भाऊसाहेबांनी टर्पेंटाइन आणलं. खिडकीपाशी बसून कापसाच्या बोळ्यानं त्यांनी स्वतः टाकलेला नंबर स्वतः पुसला. दुपारभर पुसत होते. रंग निघाला, आणि रंगाबरोबर लेबलावरची अक्षरंही निघाली. शेवटची दोन तेवढी राहिली. कापूस हातात तसाच धरून ते बराच वेळ बसले होते. मला तेव्हा त्यांची कीव आली नाही. माझ्या डोक्यात फक्त जूनची ऑर्डर होती.

आम्ही दोघं मशीन घेऊन पुन्हा आळेफाट्याला गेलो. कॉम्प्युटरवाल्यानं ते सुरू करताना पडद्यावर क्षणभर उमटणारं नाव वाचलं. ते झाकणावरच्या नावाशी जुळत नव्हतं.

"झाकण एकाचं, बोर्ड दुसऱ्याचा हाय राव," तो म्हणाला. "बाहेर बगा, ट्रकला केबिन बदलत्यात का नाय? तसंच."

त्यानं खोक्यात हात घालून जुन्या जातीची एक पट्टी शोधून काढली. ती आतल्या दुसऱ्या, रिकाम्या जागेत अलगद बसली. माझा जीव भांड्यात पडला. मशीन सुरू केलं. चारशे अठ्ठेचाळीस. काढली, पुसली, पुन्हा बसवली. चारशे अठ्ठेचाळीस. ती जागाच मेलेली होती, चालणारी जागा एकच. आता एकाच पट्टीत पूर्ण जीबी असलेली जुन्या जातीची मेमरी मिळाली तरच काही होणार. ती त्यानं पुण्यात तीन ठिकाणी फोन करून विचारली. कुणाकडेच नव्हती.

"सोडा की भाऊसाहेब," तो म्हणाला. "मी तुमाला एक जीबीचा नवा स्टिकर लावून देतो. फुकट."

भाऊसाहेबांनी त्याला नमस्कार केला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि बाहेर पडले.

आता अडचण सरळ होती. भाऊसाहेब मे अखेर निवृत्त होणार होते. त्याआधी सगळ्या वस्तूंचा चार्ज पुढच्या माणसाला द्यायचा, तो बिनतक्रार दिला गेला की पेन्शनचे कागद हलणार. नवा क्लार्क येईपर्यंत संगणकाच्या खोलीचा चार्ज मी घ्यायचा होता. आणि लॅपटॉपमध्ये तूट आहे असं कागदावर आलं, तर पहिला प्रश्न निघणार, तपासून कुणी घेतला? बिलामागे माझी सही होती. कंत्राटी बाईला कुणी चौकशी लावत बसत नाही. जूनमध्ये ऑर्डर काढत नाहीत, इतकंच.

हेडसरांना भानगड नको होती. "बिलात एक आहे, रजिस्टरला एक आहे. विषय संपला, भाऊसाहेब. मशीन फोडून बघायला कोण येतंय?"

मलाही तेच हवं होतं. व्हरांड्यात गाठून मी त्यांना म्हणाले, "जाऊ द्या ना. तुम्ही सुटाल, मीही सुटेन."

"चार्ज तुमीच घेनार हाये म्याडम. जी वस्तू नायच, ती तुमच्या पदरात कशी टाकू? उद्या दुसऱ्या कुणी इचारलं, तर ती तुमच्याकडून गेली असं व्हईल."

"मग टाका माझी चूक माझ्या पदरात," मी चिडून म्हणाले. "लिहा, बाईंनी न बघता सही केली. तुमचं रजिस्टर स्वच्छ राहील. तेवढ्यासाठीच चाललंय ना सगळं?"

ते ब्रश बनियनच्या तुकड्यात गुंडाळत राहिले. त्यानंतर मे अखेरपर्यंत मी त्यांच्याशी कामापुरतंही बोलले नाही. म्हाताऱ्याला आपल्या एका पानापुढे दुसऱ्याची भाकरी दिसत नाही, असं मी घरी सांगत होते. घरच्यांनाही ते पटलं होतं.

शेवटचा दिवस. शाळेला सुटी, मैदानात धूळ, ऑफिसात आम्ही दोघं आणि मामा. भाऊसाहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी पेनचं टोपण काढून सहीची जागा शोधायला लागले. त्यांनी पानावर तळवा ठेवला.

"वाचा."

"यादी माहीत आहे मला."

"मोठ्यानं वाचा. मी समोर एक एक वस्तू दावतो. मंग सही."

सदतीस नोंदी होत्या. टेबलं, खुर्च्या, सहा संगणक, पंखे, कुलूप. मी वैतागून, घोकंपट्टी केल्यासारखी वाचत होते. ते प्रत्येक वस्तूपाशी जाऊन तिच्यावर हात ठेवून उभे राहायचे, मी नंबर म्हटला की मान हलवायचे. असं करत करत एकशे चौदा आला.

"लॅपटॉप संगणक, जुना, दुरुस्त केलेला, नग एक," मी वाचलं. पुढे 'मेमरी एक जीबी' या शब्दांवर लाल शाईची सरळ रेघ होती. बत्तीस वर्षांतली पहिली. शेजारी त्यांची सही. खाली त्यांच्या त्या छापील वळणाच्या अक्षरात चार ओळी.

"बिलाप्रमाणे एक जीबी, प्रत्यक्षात अर्धा," मी वाचत होते. "माल दाखल करून घेताना पडताळणी करणे हे लिपिकाचे काम होते. ते मी केले नाही. तूट माझ्याकडील समजावी. संगणक शिक्षिकेचा यात दोष नाही."

मी म्हणाले, "बिलावर सही माझी आहे, भाऊसाहेब."

"आणला तुमी. दाखल करून घेतला मी. घेणाऱ्यानं मोजायचं असतं." त्यांचा हात लॅपटॉपवर तसाच होता. "वाचा फुडं. एकशे पंधरा."

एकशे पंधरा म्हणजे त्याच लॅपटॉपची पिशवी. मी वाचलं, पिशवी, काळी, चेन नादुरुस्त. मग उरलेल्या सगळ्या नोंदी वाचल्या आणि सही केली. मला त्या क्षणी स्वतःची इतकी शरम वाटली की त्यांना नीट निरोपही देता आला नाही. मामाच त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले.

त्या चार ओळींवरून चौकशी लागली आणि भाऊसाहेबांची पेन्शन सात महिने अडकली. महाळुंगे पडवळहून ते तालुक्याला हेलपाटे घालत होते, हे मला मामांकडून कळायचं. हेडसरांच्या खोलीत जाऊन 'न बघता सही मी केली होती' एवढं एकच वाक्य मला सांगायचं होतं. त्या खोलीत मी त्या सात महिन्यांत रोज दोनदा जात होते, हजेरीची सही करायला. जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली होती.